मागच्या रांगेतूनही वाचता येतील अशी चार्टवरची लेबलं

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार. पद मानाचं, काम बिनपगारी. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि ठाण्यातल्या सप्टेंबरात पावसाचा भरवसा नसतो, म्हणून आमची सभा पार्किंगमध्ये होते. गेल्या वर्षी तिथे भाड्याचा प्रोजेक्टर लावून मी टँकरच्या खर्चाचा चार्ट दाखवला. बारा महिन्यांचे बारा निळे खांब, दिसायला झकास. शेवटच्या रांगेतून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, "मे महिन्यात नेमके किती गेले?" डावीकडच्या अक्षावर पन्नास हजार, एक लाख, दीड लाख एवढंच लिहिलेलं आणि मेचा खांब लाखाच्या जरा वर. मी म्हणाले, "सव्वा लाख असतील." वहीत निघाले एक लाख आठ हजार. मग मधले सतरा हजार कुठे गेले यावर अर्धी सभा संपली. पैसे कुठेच गेले नव्हते, माझा अंदाज तेवढा चुकला होता.

त्या रात्री घरी येऊन मी चार्टवर लेबलं, म्हणजे खांबांवरच त्यांचे आकडे, लावायला बसले. पहिल्या झटक्यात इतकी लावली की खांब दिसेनात, नुसत्या मुंग्या. वर्षभर चुकत-माकत जे जमलं ते इथे लिहिते आहे. मुख्य भर एक्सेलवर आहे, कारण बहुतेक सोसायट्यांचे आणि छोट्या ऑफिसांचे हिशेब तिथेच असतात. गुगल शीट्स आणि लिबरऑफिसचंही पुढे येईल.

आधी तक्ता नीट करा

उदाहरणासाठी हा तक्ता घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, टँकरचा दर सरसकट २,४०० रुपये धरला आहे. पहिल्या रकान्यात महिना, दुसऱ्यात टँकर, तिसऱ्यात खर्च.

एप्रिल, ३८ टँकर, ९१,२००
मे, ५२ टँकर, १,२४,८००
जून, ३१ टँकर, ७४,४००
जुलै, ६ टँकर, १४,४००
ऑगस्ट आणि सप्टेंबर, शून्य
ऑक्टोबर, ४ टँकर, ९,६००
नोव्हेंबर, ९ टँकर, २१,६००
डिसेंबर, १४ टँकर, ३३,६००
जानेवारी, १८ टँकर, ४३,२००
फेब्रुवारी, २४ टँकर, ५७,६००
मार्च, ३३ टँकर, ७९,२००

वर्षाचे २२९ टँकर आणि ५,४९,६०० रुपये. आकड्यांच्या सेलमध्ये "रु." किंवा "/-" हाताने लिहू नका. तसं केलं की एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि खांबच उभा राहत नाही. रुपयाची खूण लेबलाच्या फॉरमॅटमधून लावता येते.

महिना आणि खर्च हे दोन रकाने निवडून इन्सर्ट टॅबमधून साधा कॉलम चार्ट काढा.

पहिलं लेबल

चार्टवर एकदा क्लिक केलं की उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ अधिकची खूण दिसते. तिच्यावर क्लिक करा आणि डेटा लेबल्ससमोर टिक करा. आकडे खांबांच्या डोक्यावर येऊन बसतात. ही खूण विंडोजवरच्या एक्सेल २०१३ पासून आहे. मॅकवर ती शोधत बसू नका, तिथे चार्ट डिझाइन टॅबमध्ये ॲड चार्ट एलिमेंट आणि त्यात डेटा लेबल्स असा रस्ता आहे. विंडोजवरही हा रस्ता चालतो.

टिकच्या शेजारी छोटा बाण असतो. त्यात लेबल कुठे बसवायचं ते ठरतं. आउटसाइड एंड म्हणजे खांबाच्या वर, इन्साइड एंड म्हणजे खांबाच्या आत पण टोकाशी, सेंटर मधोमध आणि इन्साइड बेस तळाशी. माझं मत विचाराल तर साध्या खांबांसाठी आउटसाइड एंडच. आतलं लेबल फक्त जाड आणि उंच खांबातच वाचता येतं. आमच्या ऑक्टोबरच्या ९,६०० च्या खांबात ते मावतच नाही, बाहेर लोंबतं आणि अर्धं निळ्यावर, अर्धं पांढऱ्यावर येतं.

लेबलं लागली की डावीकडच्या अक्षाचे आकडे आणि आडव्या रेघा काढून टाका. हातच्या काकणाला आरसा कशाला? खांबावर १,२४,८०० लिहिलेलं असताना बाजूला पन्नास हजार, एक लाख वाचायला कोणी जात नाही. अक्षावर क्लिक करून डिलीट दाबा, मग रेघांवर क्लिक करून डिलीट. मात्र त्याआधी अक्ष शून्यापासून सुरू होतोय ना, ते बघून घ्या. तो पन्नास हजारांपासून सुरू झालेला असेल आणि तुम्ही तोच पुसलात, तर खांबांच्या उंचीतली लबाडी कोणाला दिसणारही नाही.

एक क्लिक सगळ्यांसाठी, दोन क्लिक एकासाठी

ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि तिने माझे दोन रविवार खाल्ले. लेबलावर एकदा क्लिक केलं की त्या सीरीजची, म्हणजे तक्त्यातल्या एका रकान्यातून आलेल्या खांबांची, सगळी लेबलं निवडली जातात. थोडं थांबून त्याच लेबलावर पुन्हा क्लिक केलं की फक्त ते एक निवडलं जातं. मग डिलीट दाबलं तर तेवढं एकच जातं, ओढलं तर तेवढंच सरकतं, रंग बदलला तर तेवढ्याचाच बदलतो. दोन क्लिक घाईघाईने केले तर एक्सेल ते डबल क्लिक समजून उजवीकडे फॉरमॅटचा पट्टा उघडतं. तो पट्टा हवाच असेल तर लेबलं निवडून कंट्रोल आणि १ ही बटणं एकत्र दाबा.

बारा लेबलांपैकी मेचं एकच ठळक आणि लाल करून बघा. सगळ्यांची नजर आपोआप तिथे जाते.

एका लेबलात वेगळा मजकूर हवा असेल तर ते निवडून थेट टाइप करता येतं. पण असा मजकूर गोठतो, खालच्या तक्त्यातला आकडा बदलला तरी लेबल जुनंच राहतं. त्यापेक्षा एक लेबल निवडा, वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह टाइप करा, हव्या त्या सेलवर क्लिक करा आणि एंटर दाबा. आता लेबल त्या सेलला बांधलं गेलं. चार्टच्या शीर्षकाचंही असंच करता येतं. आमच्या चार्टचं शीर्षक एका सेलमधून येतं आणि त्या सेलमध्ये एकूण खर्चाची बेरीज जोडलेली आहे, त्यामुळे आकडा दुरुस्त केला की शीर्षकही दुरुस्त होतं. हाताने लिहिलेलं लेबल पूर्ववत करायचं असेल तर फॉरमॅटच्या पट्ट्यात रीसेट लेबल टेक्स्ट हे बटण आहे.

लेबलात दुसऱ्याच रकान्यातली माहिती

खांब खर्चाचे, पण त्यांच्यावर टँकरची संख्याही हवी. मेंबरांना पैशांइतकंच टँकर किती आले तेही ऐकायचं असतं, कारण ते त्यांनी गेटवर मोजलेले असतात!

लेबलं निवडून कंट्रोल आणि १ दाबा. लेबल ऑप्शन्समध्ये व्हॅल्यू फ्रॉम सेल्स असा चौकोन आहे. टिक केल्यावर रेंज विचारली जाते, तिथे टँकरच्या रकान्यातले बारा सेल निवडा. वरचं शीर्षक घेऊ नका, नाहीतर एप्रिलच्या खांबावर "टँकर" हा शब्द येईल आणि पुढची सगळी लेबलं एकेक घर सरकतील. मग व्हॅल्यूची टिक ठेवायची की काढायची ते तुमच्यावर. दोन्ही ठेवलीत तर खाली सेपरेटरमध्ये न्यू लाइन निवडा, म्हणजे दोन गोष्टी दोन ओळींत येतील.

नुसतं ५२ दिसलं तर ते काय आहे हे कळत नाही. त्यासाठी शेजारी चौथा रकाना करा. त्यात बरोबरचं चिन्ह, टँकरचा सेल, मग & आणि त्यापुढे " टँकर" अवतरण चिन्हांसकट. सुरुवातीच्या अवतरणानंतरची मोकळी जागा विसरू नका. आता व्हॅल्यू फ्रॉम सेल्समध्ये हा चौथा रकाना द्या. लेबलावर "५२ टँकर" आणि त्याखाली रक्कम येईल. रक्कमही याच सूत्रात जोडायला गेलात तर तिचे स्वल्पविराम गळून पडतात आणि सलग सहा आकडी संख्या दिसते. तिथे टेक्स्ट फंक्शन वापरून फॉरमॅट द्यावा लागतो.

दोन सावधगिऱ्या. ही सोयही एक्सेल २०१३ पासूनची आहे. फाइल २०१० मध्ये उघडली तर लेबलांच्या जागी चौकटी कंसात सेलरेंज असा इंग्रजी शब्द दिसतो. आमच्या हिशेबनिसाच्या कॉम्प्युटरवर नेमकं तेच झालं आणि फाइल बिघडली म्हणून त्यांचा फोन आला. दुसरं, तक्त्यात नवा महिना जोडलात की लेबलांची रेंजही तिथपर्यंत पोहोचली आहे का ते डोळ्यांनी बघा.

लाख, हजार आणि देवनागरी आकडे

खरी गंमत इथे आहे. फॉरमॅटच्या पट्ट्यात सगळ्यात खाली नंबर हा भाग असतो. तो उघडा, फॉरमॅट कोडच्या चौकटीत कोड टाइप करा आणि शेजारचं ॲड दाबा. सेलमधला आकडा तसाच राहतो, फक्त लेबलावरचं रूप बदलतं.

विंडोजच्या रीजनल सेटिंगमध्ये भारत निवडलेला असेल तर नेहमीचा #,##0 हा कोडच १,२४,८०० असे आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम देतो. सेटिंग अमेरिकेचं असेल तर १२४,८०० येतं आणि सभेतल्या निम्म्या लोकांना ते वाचताच येत नाही. सेटिंग बदलायचं नसेल तर हा लांबलचक कोड वापरा:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

कोटीच्या वर एक नमुना, लाखाच्या वर दुसरा, बाकीच्यांना तिसरा, एवढाच त्याचा अर्थ.

लेबलावर पूर्ण रक्कम नको, "१.२५ लाख" हवं असेल तर एक युक्ती आहे. कोडमध्ये शेवटच्या शून्यानंतर स्वल्पविराम दिला की एक्सेल आकड्याला हजाराने भागून दाखवतं. दहा लाखांच्या हिशेबात हे सरळ जमतं, पण लाखासाठी भागायची सोय नाही. म्हणून हजाराने भागायचं आणि दशांश चिन्ह आपण मधे चिकटवायचं:

0\.00," लाख"

१,२४,८०० ला हजाराने भागून पूर्णांक केला की १२५, त्यात टिंब घातलं की १.२५ लाख. उलटी तिरकी रेघ एक्सेलला सांगते की पुढचं टिंब हे नुसतं चित्र आहे. कोटीसाठी 0\.0,," कोटी" चालतं, पण एकाच दशांश स्थळापर्यंत.

आमच्या तक्त्यात लाख आणि हजार दोन्ही आहेत, जुलैला "०.१४ लाख" म्हणणं विचित्र वाटतं. तेव्हा:

[>=100000]0\.00," लाख";[>=1000]0.0," हजार";

मेला १.२५ लाख, जुलैला १४.४ हजार. शेवटच्या अर्धविरामानंतर काहीच नाही, म्हणून हजाराच्या खालचं सगळं कोरं राहतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरची शून्यं जमिनीवर पडलेली दिसत नाहीत.

आकडे देवनागरीत हवे असतील तर कोडच्या सुरुवातीला चौकटी कंसातला हा तुकडा लावा:

[$-4000439]#,##0

मग 1,24,800 ऐवजी १,२४,८०० दिसतं. आमच्या ज्येष्ठ मंडळींना हे फार आवडलं. फॉन्ट म्हणून मी निर्मला यूआय घेते, तो विंडोज ८ पासून बरोबरच येतो आणि त्यात मराठी अक्षरं नि आकडे एका वळणाचे दिसतात. प्रोजेक्टरसाठी अक्षरांचा आकार १६ च्या खाली नको.

थरांचे खांब आणि वरची बेरीज

टँकर, वीज, सुरक्षा, लिफ्टची देखभाल असे खर्चाचे थर एकावर एक रचलेला चार्ट काढला की नवीन अडचण येते. या प्रकारात आउटसाइड एंड हा पर्यायच मिळत नाही. प्रत्येक थराचा आकडा आत दिसतो, पण एकूण किती ते कुठेच नाही, आणि सभेत विचारलं जातं ते एकूणच.

उपाय थोडा वळसा घालून आहे. तक्त्यात बेरजेचा एक रकाना करा आणि तोही चार्टमध्ये घ्या. खांब अचानक दुप्पट उंच होतील, घाबरू नका. त्या बेरजेच्या थरावर राइट क्लिक करून चेंज सीरीज चार्ट टाइप उघडा आणि फक्त बेरजेच्या सीरीजपुढे लाइन निवडा. आता ती रेघ खांबांच्या डोक्यांवरून जाते. तिला डेटा लेबल्स लावा, जागा अबव्ह. मग रेघ निवडून तिचा रंग नो लाइन करा. रेघ गेली, आकडे राहिले. शेवटी खालच्या रंगखुणांच्या यादीत "बेरीज" उगाच दिसते, तिच्यावर दोनदा सावकाश क्लिक करून ती डिलीट करा.

थरांच्या आतली लेबलं पांढऱ्या अक्षरांत ठेवा आणि थराचे रंग गडद घ्या. पातळ थरांची लेबलं सरळ पुसून टाका. बेरीज वर आहेच.

गोल चार्ट

थोडक्यात सांगते, कारण मला तो फारसा आवडत नाही. पाचाहून जास्त तुकडे करू नका. लेबलात कॅटेगरी नेम आणि पर्सेंटेज टिक करा, व्हॅल्यू काढा आणि रंगखुणांची यादी डिलीट करा, म्हणजे रंग जुळवत बसावं लागत नाही. टक्के पूर्णांकात दाखवलेत तर त्यांची बेरीज कधी ९९ तर कधी १०१ भरते, आणि सभेत ती बेरीज करणारा एक तरी माणूस असतोच. कोड 0.0% करा, म्हणजे फरक उरलाच तर तो दशांशातला असतो.

रेघेच्या चार्टवर एकच लेबल

नेरुळला राहणारी माझी नणंद मोरबे धरणाची पातळी वर्तमानपत्रातून टिपून ठेवते. हे धरण नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे आणि त्याची पूर्ण भरण पातळी ८८ मीटर. तिने रोजच्या नोंदींची रेघ काढली आणि लेबलं चालू केली, तर शंभरेक आकड्यांची भाऊगर्दी. मी तिला सगळी काढायला लावली. मग रेघेवर एक क्लिक, शेवटच्या बिंदूवर दुसरा क्लिक, राइट क्लिक आणि ॲड डेटा लेबल. आजची पातळी तेवढी दिसते. पावसाळ्याआधीचा तळ दाखवायचा तर त्या बिंदूला आणखी एक, बस्स.

तिने शेजारच्या रकान्यात सगळीकडे ८८ लिहून दुसरी आडवी रेघही काढली होती. "वहिनी, रेघ काढली खरी, पण ती कशाची ते कोणाला कळणार?" त्या रकान्याचं शीर्षक "पूर्ण भरण पातळी ८८ मीटर" असं करायला सांगितलं. मग रेघेच्या शेवटच्या बिंदूला लेबल लावून त्यात व्हॅल्यूची टिक काढायची आणि सीरीज नेमची करायची. जागा अबव्ह. रेघच आपली ओळख सांगते.

गुगल शीट्स आणि लिबरऑफिस

गुगल शीट्समध्ये चार्टवर डबल क्लिक केलं की उजवीकडे संपादकाचा पट्टा उघडतो. त्यात कस्टमाइझ, मग सीरीज, आणि खाली डेटा लेबल्सची टिक. जागा, फॉन्ट, रंग तिथेच. लेबलांचा फॉरमॅट मुळात सेलचाच येतो, म्हणून लाख-कोटीचा तो लांब कोड सेललाच लावून टाका. थरांच्या खांबांसाठी इथे टोटल डेटा लेबल्स अशी तयार टिक आहे, एक्सेलसारखा वळसा नको. गोल चार्टचे टक्के मात्र पाय चार्टच्या विभागात स्लाइस लेबलमध्ये सापडतात.

दुसऱ्या रकान्यातली लेबलं हवी असतील तर सेटअपमध्ये जा, सीरीजच्या नावापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि ॲड लेबल्स निवडून रेंज द्या. मला इथेच एकदा तासभर लागला होता, कारण मी कस्टमाइझमध्ये शोधत होते.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये आधी चार्टवर डबल क्लिक करून आत शिरा. मग खांबावर राइट क्लिक, इन्सर्ट डेटा लेबल्स. पुन्हा राइट क्लिक केलं की फॉरमॅट डेटा लेबल्स मिळतं.

सभेच्या आदल्या दिवशी

चार्टवर राइट क्लिक करून सेव्ह ॲज पिक्चर करा आणि ते चित्र आधी स्वतःच्या फोनवर पाठवा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेलं चित्र सगळे फोनवरच बघणार. तिथे लेबल वाचायला चिमटीने मोठं करावं लागलं तर अक्षर लहान आहे. अहवालाची प्रत काळ्या-पांढऱ्यात छापणार असाल तर एक पान छापून बघा, लाल लेबल तिथे करडं होतं.

हे सगळं करून मी यंदाच्या सभेला गेले. मेचा आकडा लाल, ठळक, शेवटच्या रांगेपर्यंत दिसणारा. काकांनी चष्मा वर केला, चार्ट डावीकडून उजवीकडे वाचला आणि विचारलं, "ऑगस्ट-सप्टेंबरचा हिशेब कुठाय? लिहायचा राहिला का?"

शून्यं मीच लपवली होती. कोऱ्या जागेचा अर्थ त्यांनी "माहिती नाही" असा घेतला, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. घरी येऊन कोड बदलला. पहिल्या अर्धविरामाआधी धन आकडे, मग ऋण, मग शून्य, हा क्रम ठरलेला असतो. शून्याच्या जागी आपल्याला हवा तो शब्द लिहिता येतो. लाख-हजारवाल्या कोडच्या शेवटी तो लिहू नका, नाहीतर आठशे रुपयांच्या खर्चालाही तोच शब्द लागेल. साध्या कोडला लावा:

#,##0;;"निरंक"